ओळ संपली की घंटा

१ जुलै २००२
बत्तीस वर्षं स्टेनोग्राफर. तीन साहेबांचं इंग्रजी सुधारलं. आणि रिटायर झाल्यावर काय, तर मेथी निवडायची? नाही. इंदिरानगरच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये कोणत्याशा ट्रस्टने गरीब मुलामुलींसाठी फुकट कॉम्प्युटर क्लास काढलाय. सहा महिन्यांत नोकरी म्हणे. कॉम्प्युटर शिकवायला शेखर नावाचा चोवीस वर्षांचा मुलगा. टायपिंगला कोणी नव्हतं. मी गेले.
संकल्प: कोणावरही रागवायचं नाही.

२ जुलै
रागावले. वाल्मीक म्हणून एक मुलगा आहे. दोन बोटांनी टाइप करतो, कोंबडीने दाणे टिपावेत तसं. मी ते बोलून दाखवलं. तर म्हणतो, मॅडम, आमच्या घरी आठ कोंबड्या हायेत, त्यांच्याकडूनच शिकलो. अख्खा वर्ग हसला. उद्धट.
हर्षाली तेवढी हसली नाही. रत्न आहे. आमच्या गल्लीत भाजी विकणाऱ्या सिंधुबाईची मुलगी. सप्टेंबरमध्ये अंबडची एक कंपनी टेस्ट घेणार, सहा जागा. वर्गात मुलंही सहाच. नोकरी लागली नाही, तर दिवाळीनंतर कळवणच्या मामाच्या मुलाशी लग्न. मामाचा मुलगा काय करतो विचारलं. म्हणाली, झोपतो.
मी असताना ते लग्न होणार नाही. लिहून ठेवते.

१० जुलै
धक्कादायक शोध. या मशिनला घंटीच नाही! टाइपरायटरवर ओळ संपत आली की टिंग होतं, मग आपण कॅरेज ढकलतो आणि नवी ओळ घेतो. इथे मुलं आंधळ्यासारखी बडवत सुटतात. शेखर म्हणतो, मॅडम, ओळ आपोआप खाली येते, काही करावं लागत नाही. आपोआप! आमच्या कॉन्व्हेंटमध्ये हा शब्द उच्चारणाऱ्या मुलीला सिस्टर बर्नाडेटनी दिवसभर बाहेर उभं केलं असतं.
शेखरचं पुढे ऐकून घेतलं नाही. वेळ नव्हता.

११ जुलै
देवघरातली घंटा पर्समधून नेली. सगळ्यांनी एका वेगाने टाइप करायचं, पासष्ट अक्षरं झाली की मी घंटा वाजवणार, लगेच सगळ्यांनी, मीसुद्धा, उजव्या करंगळीने एंटर दाबायचं. उत्कृष्ट शिस्त. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई आरती सुरू झाली समजून हात जोडून आल्या. त्यांना बसवून घेतलं.

४ ऑगस्ट
शेखर दर रविवारी एक्स्ट्रा क्लास घेतो असं कळलं. मला कसं सांगितलं नाही? वाल्मीक म्हणाला, मॅडम, तुमचे गुडघे. रविवारी कशाला जिने चढता? किती काळजी घेतात माझी! मुलगा वाटला तितका वाईट नाही.
हर्षाली रविवारला जात नाही. माझ्याकडे घरी येते, घंटेची प्रॅक्टिस करायला. आता घंटा लागतही नाही तिला. मनात वाजते म्हणते. माझे डोळे भरून आले. (सर्दी.)

२४ सप्टेंबर, सकाळी ८
आज टेस्ट. हर्षाली पहिली येणार. बाकीचे पाचही लागतील. ट्रस्टवाले सत्कार करतील तेव्हा दोन शब्द बोलावे लागतील. शेखरचाही उल्लेख करीन, मोठ्या मनाने.

२४ सप्टेंबर, दुपारी ४

पाच जण लागले. हर्षाली नापास.
टेस्टमध्ये एक पान टाइप करायचं होतं. ते तिने सगळ्यांत आधी केलं, एकही चूक नाही. मग सांगितलं, अक्षर मोठं करा. केलं, आणि पानाचा चिवडा झाला. प्रत्येक ओळीची दीड ओळ झाली. एक ओळ, अर्धी ओळ, एक ओळ, अर्धी ओळ. कारण जिथे जिथे एंटर दाबलं, तिथे ते मशीन हट्टाने थांबतं. बाकीच्यांची पानं सरळ. त्यांनी एंटर दाबलंच नव्हतं.
म्हणजे अडीच महिने माझी घंटा वाजली की ही पाचही कार्टी नुसती दाबल्यासारखं करत होती! रविवारी शेखरकडून खरं शिकत होती! वाल्मीकने तर दोन बोटांनी नोकरी मिळवली.
विश्वासघात. दुसरा शब्द नाही.

२४ सप्टेंबर, संध्याकाळी ७
हर्षाली येऊन गेली. रडली नाही. इतकंच म्हणाली, मॅडम, तुम्ही सांगितलं तस्संच केलं मी.
मी कंपनीला दोष दिला. नंतर कॉम्प्युटर बनवणाऱ्यांना. ती मान डोलावत होती. चहा घेतला नाही.

१ ऑक्टोबर
कंपनीची सहावी जागा अजून रिकामीच आहे. त्या जागेसाठी वीस तारखेला पुन्हा टेस्ट. मी हर्षालीसाठी वेळापत्रक आखलं, तीन रंगांत. हॉलवर गेले, तर ती शेखरच्या शेजारच्या खुर्चीवर. मला पाहून उभी राहिली, पण खुर्ची बदलली नाही.
शेवटचं माणूसही गेलं. राजीनामा दिला. कारण: गुडघे.

८ ऑक्टोबर
मनधरणी करायला अजून कोणी आलं नाही. फोन बिघडला असावा.

९ ऑक्टोबर
फोन ठीक आहे.

२२ ऑक्टोबर
दारात सिंधुबाई, पेढ्यांचा पुडा घेऊन. हर्षाली लागली. लग्न मोडलं, मामा लय भडकला, भडकू दे म्हणाली. मी म्हटलं, पाया पक्का असला की असं होतं. सिंधुबाईने माझे हातच धरले. म्हणाली, बाई, शेखर सरांचे तर उपकार हायेतच, पण तुमचे बी इसरायची नाय. तुम्ही येळेवर सोडलं तिला, म्हणून लागली पोरगी.
वर पिशवीतून हॉलवरच राहिलेली माझी घंटा काढून दिली. हर्षालीने पितांबरीने घासून पाठवली होती.
पेढा खाल्ला नाही. अर्धा खाल्ला.

२३ ऑक्टोबर, सकाळी ६
पूजा केली. घंटा वाजवली. उजव्या हाताची करंगळी आपोआप खाली गेली.