चार बोटं साल

एल सार्साल,
१२ ऑक्टोबर १९८६

ती. लेओताईस,
लारियोचा शि. सा. न. वि. वि. आधी ओरडून घे, मग पुढचं वाच. कॉलेज सोडलं. इथे म्हातारा निकानोर कासिल्दाला त्या ट्रकवाल्या रोसेन्दोच्या गळ्यात बांधायला निघालाय आणि मी तिकडे पानांचे छेद कापत बसू? माझ्याच्यानं झालं नाही.

आल्या आल्या म्हाताऱ्याच्या अंगणात जाऊन पोरगी मागितली. हसून हसून त्याला ठसका लागला. म्हणाला, तू म्हणे झाडांचा डॉक्टर. माझी आव्होकाडोची बाग दोन हंगाम वांझोटी उभी आहे. शिव्या देऊन झाल्या, काठीनं बडवून झालं. फुलवून दाखव आणि पोरगी घेऊन जा, नाहीतर रोसेन्दोच्या वरातीत बाजा वाजव. तेव्हापासून सगळं गाव मला डॉक्टर म्हणतं.

ताई, मला मार्ग ठाऊक आहे. फुलायचा हुकूम झाडाच्या जनुकांतच असतो, नुसता झोपलेला. पानं साखर बनवतात आणि संप्रेरकंही, म्हणजे झाडानं झाडालाच धाडलेले निरोप. हे सगळं सालीतून मुळांकडे उतरतं. खोडाची साल गोल काढली की ते वरच अडतं. झाडाला वाटतं, आता आपली धडगत नाही. आणि ते फुलतं.

सगळ्या झाडांच्या खोडाला अशी गोल कडी पाडून झाली. मी बोटभर पट्टी काढत होतो, तर कासिल्दा म्हणाली, एवढ्यानं काय होणार, चार बोटं काढ. तिचा उतावळेपणा बघून काळीज सुपाएवढं झालं! म्हातारा कडी बघून म्हणाला, बरं केलंस, मऊपणानं कुणी वठणीवर येत नाही.

तुझ्या मायेवर अजून हक्क आहे असं धरून,
लारियो


मोरेलिया,
२७ ऑक्टोबर १९८६

चि. लारियोस,
अ. उ. आ. त्यातला अकलेचा आशीर्वाद आधी वापर.

माझ्या खाणावळीत आबुन्दिओ मास्तर जेवतात. जन्म फळबागांत गेलाय त्यांचा. तुझं पत्र कौतुकानं त्यांना वाचून दाखवलं, तर त्यांनी चमचा खाली ठेवला. म्हणाले, पट्टी पेन्सिलीएवढी हवी आणि तीही एखाद्या फांदीला, म्हणजे साल पुन्हा जुळते. खोडाला चार बोटं म्हणजे मुळांचं जेवण कायमचं बंद. साठवलेलं पुरेल तोवर झाड जगेल, कधी नव्हे इतकं फुलेल, आणि मरेल. ते आनंदाचं फुलणं नसतं रे. मरणाऱ्याची मागे बी ठेवायची धडपड असते.

उपाय आहे. कोवळ्या डहाळ्या जखमेवर पुलासारख्या कलम करायच्या. मार्चमध्ये रस चढला की मास्तर स्वतः येतील. पण बाग ज्याची त्याला आधी सांग. उद्याच जा. शिव्या खा, हवं तर काठी खा. त्यात पोरगी हातची गेली तर गेली, पण बाग मारून मांडव घालू नकोस.

तुझा लोकरी बनियन धाडलाय. छाती भरली असेल तर सांग, शिवण उसवून देईन.

काळजीत असलेली,
तुझी ताई


एल सार्साल,
२० फेब्रुवारी १९८७

ताई, फुललं! नमस्कार शेवटी घे. पान दिसत नाही इतका मोहोर आहे. मधमाश्यांपुढे पाद्र्याचं प्रवचन ऐकू येत नाही. म्हाताऱ्यानं सगळ्यांदेखत मिठी मारून मला जावईबापू म्हटलं आणि रोसेन्दोला म्हणाला, चल, ट्रक वळव. ईस्टरनंतरच्या शनिवारी लग्न!

म्हाताऱ्याला नाही सांगितलं. एकट्या कासिल्दाला सांगितलं, झाडं मरणार. ती म्हणाली, लग्नापर्यंत ब्र काढू नकोस. अशी बायको मिळायला नशीब लागतं! मास्तरांना म्हणावं, येऊ नका. मरू देत झाडं, कासिल्दा माझी झाली.

एक गंमत सांगतो. रविवारी ती रोसेन्दोशी हसून बोलताना दिसली. माझं डोकं तुला ठाऊक आहे. घरामागे नेऊन एक ठेवून दिली, ओठ फुटला. दुसऱ्या दिवशी स्वतःहून आली आणि पहिल्यांदाच माझा मुका घेतला! झाड काय, पोरगी काय, धाक बसला की फुलते.

शि. सा. न. लग्नाच्या जेवणाचे तमालेस करायला दोन दिवस आधी ये.
तुझा नवरदेव


मोरेलिया,
८ मार्च १९८७

लारियो,
आज आशीर्वाद लिहायला हात वळत नाही. मास्तर येत्या बुधवारी निघताहेत. मीच बसमध्ये बसवून देणार आहे. तू गप्प बसलास तर ते बोलतील. त्या पोरीचे पाय धर. मी लग्नाला येणार नाही.

रागातसुद्धा तुझीच,
ताई


एल सार्साल,
२३ एप्रिल १९८७

ती. लेओकादियाताईंना,
कासिल्दाचा सा. न. वि. वि. आपली भेट नाही. पत्ता मास्तरांकडून मिळाला.

मास्तर उतरले तेव्हा थांब्यावर मीच होते. त्यांना परतवायला लारियोनं मला पाठवलं होतं. मी म्हटलं, वडिलांना सगळं कळलंय, ते बंदूक घेऊन बसलेत. बिचारे त्याच बसनं परत फिरले. तुम्हालाही त्यांनी हेच सांगितलं असेल. ते खोटं होतं.

ही बाग माझ्या आईनं लावली. मुलगा झाला नाही म्हणून वडील झाडांना देतात त्याच शिव्या तिला द्यायचे, आणि काठीही तीच. शेवटच्या वर्षी ती फार छान दिसायची हो. गाल लाल, सारखी हसायची. गाव म्हणालं, सुधारली. थंडीत गेली. वडिलांनी मान वर करून नुसत्या काटक्या बघाव्यात, एवढंच मला हवं होतं. चार बोटं मी उगाच नाही म्हटलं.

तुमच्या भावावर राग नव्हता. त्याच्याबरोबर पळूनही गेले असते. मग त्यानं मारलं, आणि दुसऱ्या दिवशीचा मुका त्याला फुलोरा वाटला. त्याचं शिक्षण अर्धंच झालंय ना.

आता पानं पिवळी पडून गळताहेत. आज न्याहारीला मी वडिलांना सांगितलं, हे कुणी केलं आणि त्याला केव्हापासून ठाऊक होतं. माझा भाग वगळला. ते कोयत्याला धार लावायला बसले. लारियो चर्चमागे गाणं म्हणत मांडवाचे खांब रोवतोय. रोसेन्दोचा ट्रक उत्तरेला निघालाय. मी मागे पोत्यांवर बसेन, त्याच्या शेजारी नाही.

हे पत्र टपाल कचेरीच्या फळीवर लिहितेय. खिडकीतल्या बाई विचारताहेत, तार करायची का, आजच पोचेल. मी म्हटलं, घाई नाही, साधं तिकीट लावा.

लोभ नसावा.
कासिल्दा