पहिल्या दिवशीची भांडी

आई,

तुला आणि बाबांना इथूनच वाकून नमस्कार.

मी इथे पाहुणी आहे की कामवाली, असं मावशीने विचारलं ना? खरं सांगू, मलाही ते सांगता येत नाही. ठरलं होतं ते एवढंच, की परदेशातल्या या घरात राहायचं, दोन मुलांना सांभाळायचं आणि दुपारी इथल्या भाषेच्या वर्गाला जायचं. खोली उबदार आहे, जेवण पोटभर मिळतं. काळजी करू नकोस.

पण पहिल्या दिवशी जेवणं झाल्यावर, तुझ्या वळणाप्रमाणे, मी सगळ्यांची ताटं उचलून घासून टाकली. घरच्या बाई म्हणाल्या, "किती गुणाची गं!" दुसऱ्या दिवशी जेवल्यावर आपलं ताट कुणी उचललंच नाही. मग इस्त्री आली, मग जिना पुसणं आलं आणि वर्ग राहूनच गेला.

मुलं मात्र लाघवी आहेत. काल मुलगी माझी वेणी घालता घालता विचारते, "तू मोठेपणी कोण होणार?" पदवीधर बाईला! हसले खरी, पण नंतर कशातच मन लागेना.

बाबांचा गुडघा कसा आहे? आणि धाकटीला इकडे यायचंच असेल, तर तिला सांग, काय करायचं आणि काय नाही, ते आधी बोलून घे.

आज दुपारी मी बाईंना म्हटलं, "मी वर्गाला निघाले."

"आणि इस्त्री?"

"ती आपल्या बोलण्यात नव्हती."

मी बूट चढवले आणि बाहेर पडले. हे पत्र वर्गातल्या बाकावर लिहितेय. वर्गाच्या शिक्षिका आल्या, थांबते.

तुझी थोरली