डब्यातल्या उचक्या

सोमवार, ३
आज माझ्या हातून एका मुलाची नोकरी गेली.

काम नेहमीचंच. खाली कुणी कुणाची आठवण काढली की नळीतून मणी पडतो. मणी ज्याच्या नावाचा, त्याच्या खाचेत टाकायचा — त्याला उचकी लागते. स्वर्गात येऊन हे करावं लागेल असं वाटलं नव्हतं. पण आठवी नापासाला आणखी काय देणार? (शिव्या घालत काढलेली आठवण असेल तर ठसका. ते काम शेजारच्या टेबलावर, मावशींकडे. त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते.)

एका शिंपिणीचा मुलगा परगावी असतो. आज त्याची बसस्थानकावर निवेदकाच्या जागेसाठी परीक्षा होती. आई घरी बसून त्याचीच काळजी करणार, हे काय सांगायला हवं! मणी पडत गेले, मी टाकत गेलो. नळीतून ऐकू आलं — "प्रवाशांनी कृपया — उक्!" मग कुणीतरी म्हणालं, "पाणी प्या आणि घरी जा."

मी नियमानेच वागलो. मग जेवणाचा डबा तसाच का पडलाय?

मंगळवार, ४
त्याला आज दुसऱ्या स्थानकावर बोलावलंय. आईचे मणी मी माझ्या जेवणाच्या डब्यात ठेवले. फक्त आजच्यापुरते.

बुधवार, ५
जागा मिळाली! पहिले काही दिवस तरी त्याला सुखाने बोलू दे. मणी डब्यातच.

रविवार, ९
(इथे रविवार असतो, सुट्टी नसते.)

एक गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती. उचकी लागली की तो आईला फोन करायचा — "काढलीस ना आठवण?" — आणि दोघं हसायची. नोकरी लागल्याचं कळवलं, तेवढंच; आता उचकी नाही, म्हणून फोन नाही. शिंपीण शेजारणीला सांगत होती, "नवी नोकरी आहे, कामात असेल. आपण कशाला मध्ये कडमडायचं?" आणि मशीन चालवता चालवता पुन्हा आठवण! टप्. टप्. डब्याचं झाकण लागत नाही.

गुरुवार, १३
मावशींना सांगून टाकलं.

"अरे गाढवा, देवाघरी येऊन चोरी?"

"चोरी नाही हो, जपून ठेवलेत."

"सगळे चोर हेच म्हणतात." मग हळूच — "एकदम ओतू नकोस हं. पोरगा गुदमरून इथेच यायचा."

तेवढ्यात साहेब आले. डबा मांडीखाली दडवला. "काय रे, जेवला नाहीस?" "भूक नाही, साहेब." हे मात्र खरं होतं.

उद्यापासून एकेक सोडायचा.

शुक्रवार, १४
आज तिचा एकही मणी पडला नाही.

शनिवार, १५
आजही नाही. आई मुलाची आठवण काढायची थांबते, ती एकाच कारणाने. झुरून गेली असणार. माझ्यामुळे!

नळीला कान लावायचं धाडस होत नाही. डबा हातात घेतला आणि खाली ठेवला — गेलेल्या आईची उचकी पोराला कशी लावायची? सारखा आवक खिडकीपाशी जाऊन येतो. कुणी शिंपीण आली का, म्हणून. तिथल्या शिपायाने विचारलं, "नातेवाईक का?"

"नाही. गुन्हेगार," म्हटलं. तो म्हणाला, "मग इकडे कसा?"

रविवार, १६
मावशींनी माझा कान धरला आणि नळीला लावला.

मुलगा घरी आलाय! रजा काढून, शुक्रवारीच. समोर बसलेल्याची आठवण कोण काढतं?

दोघांचं अजून उचक्यांवरूनच चाललं होतं —

"इतके दिवस उचकी नाही! म्हटलं, आईला काही झालं. फोन करायचीही भीती वाटली. दुसऱ्याच कुणी उचलला तर?"

"अरे, रोज काढत होते रे."

"असू दे गं. कामं असतात तुलाही."

मशीन थांबलेलं ऐकू आलं. ती खोटं बोलत नव्हती, हे त्या घरात कुणालाच सिद्ध करता येणार नव्हतं. पुरावा माझ्या मांडीवर होता.

त्याच दिवशी, मागाहून
डब्यातला एक मणी टाकला.

"उक्! — आता कोण? तू तर समोर बसलीयेस!"

"कालची राहिली असेल," ती म्हणाली. "पाणी पी."