अनिता राव यांची पाण्याची तक्रार

कोल्हापूर,
रविवार, दुपार (भांडी तशीच पडली आहेत)

सौ. आक्कास,

निशाचा सप्रेम जयभीम. तुझे गुडघे, दाजींचा खोकला, तुमच्या दोन म्हशी आणि त्यांच्याहून लाडावलेले तुझे दोन मुलगे, सगळं ठीक असेल असं धरून चालते. आमच्याकडे सगळे मजेत, म्हणजे एकमेकांवर ओरडण्याइतकी ताकद प्रत्येकात आहे. मोबाइल असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. पण फोनवर मी मुद्द्यावर आले रे आले की तुझं दूध उतू जातं. (खरंच एवढं दूध उतू जात असतं, तर कोडोलीत डेअरीला घालायला तुमच्याकडे थेंब उरला नसता.) पत्र काही तुला फोनसारखं मध्येच ठेवता येणार नाही.

तर, मी बाहेरून बारावीला बसतेय. अंगणवाडीत मी मदतनीस आहे हे तुला ठाऊकच आहे. आमच्या सेविका मीनाबाई पुढच्या वर्षी निवृत्त होताहेत आणि त्यांची जागा मला हवी असेल तर बारावी पास पाहिजे. नाहीतर बाहेरची कोणीतरी येणार आणि मी आहे तिथेच खिचडी ढवळत राहणार. खिचडीबद्दल माझी तक्रार नाही, पण पोरांना गाणी शिकवायची मी आणि बाई म्हणायचं दुसरीला, हे कुठवर चालवून घ्यायचं? बाकीचे विषय मराठीतून आहेत, ते निघतील. घोडं अडलंय ते इंग्रजीपाशी. उतारा वाचायचा, शब्दांचे अर्थ सांगायचे आणि वर पत्रं-बित्रं लिहायची.

गाइडात म्हटलंय की रोज पाच नवे शब्द बोलण्यात वापरा. आता आपल्या बोलण्यात असे शब्द मावणार कुठे? 'मॅग्निफिसंट' मी रविवारच्या पांढऱ्या रश्श्यावर खर्च केला (ह्यांना वाटलं मीठ जास्त झालंय, त्यांनी पाणी ओतून घेतलं). 'ग्लेशियर' मात्र महिनाभर तसाच शिल्लक आहे. उताऱ्यांची तर वेगळीच कथा. मी मोठ्याने वाचते आणि मराठीत अर्थ सांगत जाते, कारण मामा (माझे सासरे) कट्ट्यावर बसून ऐकत असतात. परवाच्या उताऱ्यात एक बाई बर्फाच्या डोंगरावर वाट चुकली, जवळचं खाणं संपलं, अंधार पडला, आणि खाली एकदम पाच प्रश्न. उताऱ्याला शीर्षक द्या म्हणे! त्या बाईला शोधायला कोणी गेलं का, याचं पेपर काढणाऱ्याला काही पडलेलंच नाही. मामा दोन दिवस बेचैन. घास हातात धरून मध्येच विचारायचे, "तिच्या घरला तरी कळीवलं असंल का न्हाय?" शेवटी मी पदरचं घालून तिला हेलिकॉप्टरने खाली आणली, तेव्हा माणूस नीट जेवला.

पण खरा घोटाळा झाला तो पत्रलेखनात. प्रश्न असा होता की तुमच्या भागात पाणी वेळेवर येत नाही, तर अधिकाऱ्यांना तक्रारीचं पत्र लिहा. परीक्षेत स्वतःचं नाव घालायचं नसतं, म्हणून मी नाव घातलं अनिता राव आणि पत्ता शांतीनगर. गाइडात बघून झोकात लिहिलं की लहान मुलांचे आणि वृद्धांचे हाल होत आहेत, आणि त्वरित दखल घेतली नाही तर नाइलाजाने मला वरिष्ठांकडे जावं लागेल. (एवढी दमदाटी मी मराठीत उभ्या जन्मात कोणाला केलेली नाही.) खाली अनिताबाईंची सही ठोकली, कागद टीव्हीवर ठेवला आणि भाकऱ्या थापायला गेले.

आता मामांचं असं आहे, की त्यांची सगळी नोकरी सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर गेली. वर 'प्रति', मध्ये 'विषय' आणि खाली सही असा कागद घरात नुसता पडून राहिलेला त्यांना बघवत नाही. मग तो कुठल्या का भाषेत असेना. असा कागद म्हणजे अर्ज, आणि अर्ज दोन प्रतींत द्यायचा, एकीवर शिक्का मारून घ्यायचा. इंग्रजीतलं त्यांना 'वॉटर' तेवढं लागलं. सुनेने गल्लीच्या पाण्यासाठी इंग्रजीतून अर्ज केला याचं कोण कौतुक! त्यांनी झेरॉक्स काढली, कडेला स्वतःच्या हाताने मराठीत आपल्या गल्लीचा पत्ता घातला, इस्त्रीचा सदरा चढवला आणि पाणी सोडणाऱ्या ऑफिसात (नाव लिहीत नाही, उद्या नळ तोडायचे) देऊन आले. दुपारी शिक्क्याची प्रत माझ्यापुढे धरून म्हणतात, "पोच घेतलीया. आता बघू कसं गप बसत्यात."

आमच्या गल्लीचे मराठीतले अर्ज त्या ऑफिसात दोन वर्षं घोरत पडलेत. या अर्जावर मात्र दोन दिवसांत जीप दारात! दोन साहेब उतरले आणि अगदी आदबीने अनिता राव मॅडम कुठे राहतात म्हणून विचारू लागले. मी दारामागे घामाघूम. पुढे झाल्या समोरच्या शालूबाई, त्यांचा आवाज तुला माहीत आहे. "पावणं, असली बाई आमच्या गल्लीत न्हाय. पर पाण्याची तक्रार असंल तर ती माझीच हाय की, या हिकडं!" साहेबांची समजूत झाली की मॅडम फारच मोठ्या असणार, म्हणून गल्ली त्यांचा पत्ता लागू देत नाही. त्यांनी मुकाट्याने व्हॉल्व्ह उघडून बघितला, काहीतरी फिरवलं, आणि दुसऱ्या दिवशी नळाला असा जोर आला की शालूबाईंची घागर कलंडली.

तेव्हापासून माझा लेखनाचा सराव धडाक्यात चाललाय. गल्लीतल्या तानाबाईंना पुण्याच्या मुलाला पत्र हवं होतं, घरी येऊन जा म्हणून, पण इंग्रजीतच. मी लिहिलं, आणि शेवटी ते वरिष्ठांचं वाक्य घातलं, कारण दुसरं पाठ नव्हतं. पोरगा कोर्टाची नोटीस समजून शनिवारी गाडी करून हजर. तानाबाईंनी मला ओवाळायचं बाकी ठेवलंय. शालूबाई रोज नवा अर्ज सांगतात. म्हटलं, मावशी, आधी मला पास तर होऊ दे. तर म्हणतात, "पास झालीस की भाव खाशील. आत्ताच लिव्ह."

एकूण काय, अभ्यास मजेत चाललाय. भीती वगैरे अजिबात नाही. दाजींना जयभीम, मुलांना पाठीत एकेक धपाटा.

तुझी,
निशा

ता. क. येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर गुळाची ढेप पाठव. लहान चालेल.

ता. क. भीती नाही असं वर लिहिलंय ते खोटं आहे. गेल्या सोमवारी फॉर्म भरायला कॉलेजात गेले होते. रांगेत सगळ्या माझ्या लेकीच्या, श्रुतीच्या वयाच्या पोरी. एकीने चांगल्या मनाने सांगितलं, "काकू, पालकांची रांग तिकडं हाय." आक्का, मी गपचूप पालकांच्या रांगेत जाऊन उभी राहिले आणि तशीच घरी आले. माझा फॉर्म अजून भरलेलाच नाही. घरात कोणालाच माहीत नाही, तू बोलू नकोस. फार लाज वाटली गं.

ता. क. म्हणून म्हणते, तू पण बस. आपल्या दोघींत इंग्रजी तुझं चांगलं होतं. बारावीच्या परीक्षेच्या तोंडावर तुझं लग्न उरकून टाकलं आणि तू त्यावर कधी एक शब्द काढला नाहीस. मला मात्र अजून वाईट वाटतं. तुझा फॉर्म इथे भरता येतो, पालकांच्या रांगेतून तेवढं मी विचारून आलेय. मुदत महिनाअखेरपर्यंत आहे. शाळेचा दाखला आणि फोटो घेऊन ये, दोघी मिळून त्या पोरींच्या रांगेत उभ्या राहू. तू शेजारी असलीस तर मी हलणार नाही.

ता. क. 'ह्यांना विचारून सांगते' असं लिहू नकोस. दाजींना मी काल फोन करून विचारलं. आधी खोकला उरकून घेतला. मग म्हणाले, "एवढी वर्सं झाली, परीक्षेला बसू का म्हणून तिनं मला एकदाबी इचारलं न्हाय. इचारलं असतं तर मी काय नको म्हणणार हुतो व्हय?" आता तुला नाहीच म्हणायचं असेल, तर ते इंग्रजीत लिहून कळव.