देव कुणामागे चालतो

तिरुप्पूंगुडी,
कार्तिगै महिना, द्वादशी

चि. सौंदरराजास अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम. एकादशीचा उपास सकाळी हदग्याच्या भाजीवर सोडला. भाजी चांगली झाली म्हणालो, तर तुझ्या वहिनीने माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

अकरा वर्षांनी लिहितो आहे, तेव्हा बातमीही तशीच मोठी आहे. पालखीपुढे तमिळ पदे म्हणणारे वृद्ध कोदंडरामन गेल्या महिन्यात वैकुंठवासी झाले. काल एकादशीला आपला देव, पेरुमाळ, पालखीत बसून दाराशी आला. आम्ही पाच वेदपाठी मागे सज्ज. पुढे कोणीच नाही.

मी पुजाऱ्यांना म्हणालो, "भट्टर, उचला पालखी. वेद आहेत ना?"

"आहेत की, मागे. पेरुमाळ तमिळ पदांच्या ओढीनं निघतो आणि वेद त्याला शोधत मागून येतात. पुढे पदच नसेल तर देवानं जायचं कुणामागे, स्वामी? तुमच्या पांडित्यामागे?"

भोई हसले. भट्टर म्हणाले, "घटकाभर थांबतो. नाहीतर देव आत नेतो. असं या देवळात कधी झालेलं नाही."

हाच अर्थ तू मला सांगितला होतास, वेदपाठशाळा सोडून पदे शिकायला निघालास त्या दिवशी. "संस्कृत झेपेना म्हणून पळतोस," असे मी म्हणालो होतो. सौंदरा, तुझे पाठांतर माझ्याहून चोख होते.

मी पुढे जाऊन उभा राहिलो आणि पालखीची दहाही पदे न चुकता म्हटली. तू मागच्या पडवीत पाठ करायचास, तेव्हा मी सर्वांना दिसेल असा कानांत बोटे घालून बसत असे. बोटे सैल होती.

पालखी हलली. देवळाभोवतीच्या चारही वीथ्या देव माझ्या मागून आला. बावीस वर्षे मी त्याची पाठ पाहिली, काल त्याने माझी पाहिली. अभिमान वाटला, लपवत नाही.

परतल्यावर तीर्थ देताना भट्टरांनी विचारले, "ही पदं कुणाकडून घेतलीत? आचार्य कोण?"

सर्वांदेखत तुझे नाव सांगितले.

"धाकटा भाऊ?"

"धाकटाच. त्याला इलाज नाही."

पुढच्या महिन्यात वैकुंठ एकादशी. वर्षातून एकदाच उघडणारे उत्तरेचे दार उघडेल. माझी विद्या दहा पदांत संपते, त्या दिवशी शेकडो लागतात. कांचीच्या देवळातून रजा घेऊन ये. पुढची जागा तुझी आहे.

थोरल्याने धाकट्याला नमस्कार लिहू नये, हे शास्त्र मला पाठ आहे. आचार्यांना लिहावाच लागतो, हेही आहे.

साष्टांग दंडवत.

दास
नारसिंहन