सीटखालची टाकी

अण्णा, टाकी मागे नेली. कुणाला विचारून, असं तुम्ही पहिल्यांदा विचारलं असतं, म्हणून आधीच सांगतो, कुणालाच नाही. विचारायला घरात आहे कोण? आई आहे, पण तिला यातलं काही विचारलं की ती म्हणते, तुझं तू बघ की. लेक पुण्याला असते, तिला फोनवर सांगितलं तर म्हणाली, पप्पा, विकून टाका ना ती गाडी. बायको असती तर जेवायला हाक मारायला शेडच्या दारापर्यंत आली असती आणि तेवढ्यात मी तिला एखादा जोड दाखवून घेतला असता. तिलाही जाऊन आता बरेच दिवस झाले. तेव्हा शेवटचा नट आवळून झाल्यावर मी हात पुसले, गाडीखाली वाकून सगळं एकदा बॅटरी मारून पाहिलं, आणि तसाच जमिनीवर बसून राहिलो. काम चांगलं झालं होतं. पण त्यात चूक काढील असं माणूस राहिलेलं नाही, हे मला तिथे बसल्यावर कळलं.

तुमची पिकअप म्हणजे नाक जीपचं आणि पाठीला हौदा. टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली. आजकालच्या पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही. पेट्रोल भरायचं म्हणजे तुम्ही खाली उतरायचं, गादी उचलून उभी करायची, झाकण फिरवायचं, आणि पंपावरचा माणूस तुमच्या बसायच्या जागेत नळी घालायचा. नवा माणूस असला तर हसायचा. तुम्ही त्याला गंभीरपणे सांगायचा की चोराला पेट्रोल काढायचं तर आधी मला उठवावं लागंल. बिडीही तुम्ही या टाकीपायीच सोडलीत. बुडाखाली पेट्रोल घेऊन बिडी ओढणारा एक तर शहाणा नसतो, न्हाय तर फार दिवस नसतो, असं तुम्ही म्हणायचा आणि कारखान्याच्या फाटकावरचे हमाल प्रत्येक वेळी नव्यानं ऐकल्यासारखे हसायचे. मागे चादरींचे गठ्ठे, दोरीनं आवळलेले, आणि तुम्ही उजवा कोपर खिडकीबाहेर काढून सोलापूरच्या नवी पेठेत शिरताय. तिथे पायी चालणाऱ्यालाही वाट मिळत नाही, पण लोक तुमच्या कोपराला ओळखून बाजूला व्हायचे. मला तो कोपर कधी आवडला नाही. हात आत पाहिजे, दोन्ही हात स्टिअरिंगवर पाहिजेत. मी आजही तसाच चालवतो.

आणि तुमची काठी. गाडीचा पेट्रोलचा काटा मी शाळेत होतो तेव्हापासून मेलेला. तुम्ही मागाच्या मोडक्या लाकडाची एक चपटी काठी तासून घेतली होती, तिच्यावर पटाशीनं खाचा केल्या होत्या. दुसऱ्या कुणी लिटरच्या खुणा केल्या असत्या. तुमच्या खाचा गावांच्या होत्या. खालची वळसंग, तिच्या वरची टेंभुर्णी, सगळ्यात वरची पुणे, आणि सगळ्या जाऊन येऊन. गादी उचलायची, काठी बुडवायची, वर काढून उजेडात धरायची आणि म्हणायचं, टेंभुर्णी हाय. एवढंच. ती काठी कधी खोटी बोलली असं मला आठवत नाही.

आईला मात्र त्या गाडीत बसवलं नाही. म्हणजे एकदा बसली होती, लग्नानंतर, आणि कुंभारी गाव यायच्या आतच उतरून रस्त्याच्या कडेला ओकली होती. केबिनमध्ये पेट्रोलचा वास असायचाच, उन्हाळ्यात तर डोळ्यांत जायचा. त्यानंतर वळसंगला तिच्या माहेरी काही असलं की ती एसटीनं जायची आणि तुम्ही पिकअप घेऊन जायचा, एकाच दिवशी, एकाच घरी, दोन गाड्यांनी. मामाकडचे लोक चेष्टा करायचे की जावई सामान घेऊन येतोय आणि बायकोला सरकार पोहोचवतंय. मी लहानपणी तुमच्या शेजारी बसायचो आणि आपण सबंध रस्ता त्या लाल गाडीचा धूर खात का जातो, हे मला कळायचं नाही. पुढे काढा की अण्णा, असं मी म्हणायचो. तुम्ही म्हणायचा, घाई कुटं हाय.

म्हणून मी वेल्डिंग शिकलो तेव्हा पहिलं डोक्यात हेच आलं. शिकलो म्हणजे कुणी शिकवलं नाही. लोकांच्या दुकानासमोर उभं राहून पाहिलं, भंगारातले तुकडे आणून जाळले, हात भाजले आणि आलं. मी अंगणात खडूनं चासी काढली होती, खऱ्या मापात, मागच्या आसापलीकडे टाकी कुठे लोंबेल ते दाखवून. तुम्ही कामावरून आलात, चपला काढल्या, त्या रेघांभोवती एक फेरी मारलीत, आणि म्हणालात, "टाकी हाय तितं बरी हाय. आन तू हे शिकलास कुटं?" पहिलं वाक्य मी सोडून दिलं. दुसरं अजून माझ्यापाशी आहे. त्याचं उत्तर म्हणून मी शेड उभी केली, अक्कलकोट रोडला, आणि आज इंजिनिअर लोक ड्रॉइंग घेऊन माझ्याकडे येतात, तेव्हा मी त्यांना सांगतो की मी कुठेच शिकलो नाही. पण त्या रेघा काढल्याच्या पुढच्या बाजाराला तुम्ही नवी पेठेतून एक स्टीलची पट्टी आणली होती, लांब, कोपऱ्याला भोक असलेली, आणि खुंटीला अडकवून ठेवली होती. घरात दुसऱ्या कुणाला पट्टी लागत नव्हती. तिच्याबद्दल आपण कधीच बोललो नाही. ही टाकी मी त्याच पट्टीनं मापली.

आता कसं केलं ते सांगतो, कारण ते विचारणारं कुणी नाही. जुनी टाकी रिकामी केली, पाण्यानं धुतली, उन्हात पालथी घातली आणि तिला कुठेही आग लावली नाही. पेट्रोलची टाकी रिकामी असली की आतल्या वाफेमुळे जास्त वाईट, हे मला ठाऊक आहे. नवी टाकी जस्ती पत्र्याची केली. आत आडव्या भिंती घातल्या, म्हणजे वळणावर पेट्रोल एका अंगाला धावत नाही. मागे चासीच्या दोन दांड्यांमध्ये जागा अरुंद, म्हणून टाकी अरुंद आणि खोल झाली. लोखंडी पट्ट्यांनी टांगली, त्या पट्ट्या आणि पत्रा यांच्यात रबर दिलं. पाइप सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूनं नेला. इंजिनवरचा पंप इतक्या लांबून ओढेल याची खात्री नव्हती, म्हणून टाकीजवळ बॅटरीवरचा पंप बसवला. वास बाहेर जायची नळी वर नेऊन हौद्याच्या कोपऱ्यातून काढली. डॅशबोर्डवर नवा काटा लावला. तोंड मात्र हौद्याच्या तळातून सरळ उभं ठेवलं. लोकांना सांगतो की सरळ तोंडातून पेट्रोल उसळत नाही. तेही खरं आहे. पण वाकड्या तोंडातून तुमची काठी गेली नसती.

हे सगळं आईसाठी. आता तिचा दम लागतो, गुडघे दुखतात, एसटीची पायरी तिला चढवत नाही. मामाच्या नव्या घराची वास्तुशांत होती. तिला एकदा तरी त्या केबिनमध्ये बसवून, ओकू न देता, माहेरच्या दारात उतरवायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तुम्ही जे केलं नाही ते मी केलं, असं मला दाखवायचं होतं. कुणाला ते नक्की सांगता येत नाही.

निघायच्या सकाळी काठी बुडवली. वळसंगच्या खाचेच्या वर बोटभर ओली आली. काटा तळाला टेकलेला होता, पण नवा काटा मला शिकवणार का, असं म्हणून मी आईला आत बसवलं. ती पुढचा बार धरून बसली, नाकाला पदर लावून. शहर सुटल्यावर पदर खाली आला. तिनं हवा हुंगली. "वास न्हाय की," ती म्हणाली. ती आणखी काही म्हणेल म्हणून मी वाट पाहत होतो. ती बाहेर तुरी बघत होती.

आणि वळसंगच्या अलीकडे गाडी दोन आचके देऊन उभी राहिली. कळायला मला वेळ लागला नाही. तुमची टाकी रुंद आणि उथळ. माझी अरुंद आणि खोल. तेवढीच ओली काठी, पण पेट्रोल निम्मं. पट्टीनं सुतासुताचं माप धरणारा माणूस मी, आणि दुसऱ्या टाकीची काठी या टाकीत घालून बसलो. मामेभावाला फोन केला, कॅनमध्ये पेट्रोल आण म्हणालो. तो येईपर्यंत आम्ही दोघं केबिनमध्येच. अक्कलकोटची एसटी आम्हाला ओलांडून गेली आणि आई मान वळवून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली.

मग ती बोलली. तुम्ही गेल्यापासून तुमच्याबद्दल इतकं ती कधी बोलली नव्हती. म्हणाली, ती नेहमी सगळ्यात मागच्या बाकड्यावर बसायची. कंडक्टर म्हणायचा, मावशी, फुडं जागा हाय, तितं आदळंल. ती म्हणायची, ऱ्हाऊ दे. मागच्या काचेतून पिकअप दिसायची.

मी विचारलं, मागच्या बाकड्यावर तुला मळमळायचं नाही?

"मळमळायचं की," आई म्हणाली. "पर दिसायचं."

अण्णांना ठाऊक होतं का, असं मी विचारलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी अजून खडूनं रेघा ओढणारा पोरगाच आहे. "ठाऊक नसतं तर येवढा धूर कशाला खाल्ला असता त्येंनी? शेजारी बसलं की माणूस फुडं बघतंय. तोंड कुटं दिसतंय त्येचं?"

तेवढ्यात मामेभाऊ मोटारसायकलवरून आला, कॅन हौद्यात ठेवला आणि म्हणाला, दादा, टाकी मागं नेली आन पेट्रोल घरीच ऱ्हायलं व्हय? जेवणाच्या पंगतीत त्यानं ते सगळ्यांना सांगितलं. मी काट्यावर ढकललं. काटा चुकीचं दाखवतो म्हणालो. लोक हसले, मीही हसलो. टाकी बघायला कुणी बाहेर आलं नाही.

जेवणं झाल्यावर मी गाडी वळवून ठेवली, सीट फडक्यानं पुसली. आई पिशवी घेऊन बाहेर आली आणि मामेभावाचा हात धरून पिकअप ओलांडून पुढे, सरळ स्टँडकडे चालायला लागली. मी मागोमाग गेलो. तिला म्हणालो, आई, तुझ्यासाठी टाकी हलवली, आता वासही नाही. पायरी चढवत नाही तुला. तिनं थांबून माझ्या दंडावर हात ठेवला आणि म्हणाली, "ब्याड." माहेरच्या कन्नडमध्ये ती नको म्हणते तेव्हा पुढे बोलण्यात अर्थ नसतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा ठाऊक. मग माझं तोंड बघून तिनं वर जोडलं, "मला तिकीट लागत न्हाय आता. तू ये की मागनं." आम्ही दोघांनी तिला उचलूनच एसटीत चढवलं.

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. इतके दिवस पाठीवर झोपून केलेलं काम, आणि त्यात तिच्या वाट्याला आली एक खेप, तीही पुरती नाही. तुम्ही टाकी का हलवली नाही याचं उत्तर मला मिळालं, असं मी म्हणणार नाही. कदाचित तुम्हाला खरोखरच चोरांची भीती असेल. तुमचं काही सांगता येत नाही. आपण दोघं तासन् तास त्या केबिनमध्ये शेजारी बसलो, आणि आईचं बरोबर आहे, दोघंही पुढेच बघत होतो.

रस्ता आता रुंद आहे अण्णा, गाड्या सरसर पुढे निघून जातात. एसटीच्या मागे राहायचं काही कारण नव्हतं. मी राहिलो. मागच्या काचेवर धूळ होती आणि धुळीमागे पांढरं डोकं, एका बाजूला वळलेलं. खड्ड्यात बस आदळली की ते डोकं खाली जायचं आणि पुन्हा वर यायचं, माझ्याकडेच तोंड करून.

हे लिहिलेलं पाठवायचं नाही, ते मला कळतं. टाकी निघाली तिथे सीटखाली पोकळ जागा राहिली आहे. मामेभाऊ म्हणतो, जॅक ठेव तिथे. मापाचा खोका करून तयार आहे, अजून बसवलेला नाही. काठीवरही नव्या खाचा केलेल्या नाहीत. तूर्त हा कागद तिथे राहील, तुमच्या गादीखाली.

आणखी एक. कुंभारी मागे पडल्यावर मी खिडकीची काच खाली केली आणि उजवा कोपर बाहेर काढला. तिला काचेतून दिसावा म्हणून. सोलापूर येईपर्यंत आत घेतला नाही.