सुलभाचं कार्ड

देऊळगाव राजा,
ता. १४ सप्टेंबर १९७२

प्रिय प्रेमला,

तुझं पत्र मंगळवारी पोचलं. इथे सगळं ठीक म्हणावं असं आहे. अण्णा उशीला टेकून बसतात, पेज घेतात. उजवा हात मात्र अजून उचलवत नाही.

आधी तुझ्या प्रोग्रामचं. कॉम्प्युटरचं मशीन बिघडलेलं नाही, शहाणे, घोळ तू घातलास. भोकं पाडलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यात बेरजेचं कार्ड वर लावलंस आणि 'आय'ची किंमत एकापासून वाढवत नेणारं कार्ड खाली. फळ्यावर आपण 'आय' तसाच सोडतो, वाचणारा समजून घेतो. मशीन समजून घेत नाही. संख्यांची अख्खी रांग त्याच्यापाशी आहे, पण 'आय'व्या कप्प्यातली दे म्हटलं की ते अडतं. कितवा कप्पा? आधी आकडा सांग, मग संख्या माग. दोन कार्डांची अदलाबदल कर, बेरीज येईल. बेरजेची ती सिग्माची खूण, खालच्या 'आय'सकट, मला अण्णांनीच शिकवली होती, त्यांच्या शाळेत, बाकीच्या पोरी घरी गेल्यावर.

तू दोनदा विचारलंस, कधी येतेस. ऑफिसात सरांना तारीख हवी आहे, नाहीतर महिनाअखेरीस माझी नोकरी जाणार, हे मला ठाऊक आहे. आत्या म्हणते, "बालाजीची यात्रा होऊ दे, मंग जाय." यात्रा झाली की ती दिवाळी काढेल. तिच्याशी मी भांडले असते गं. पेटीसुद्धा भरून ठेवली होती.

रविवारी अण्णांना सांगायला गेले. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांचं बोलणं कोणाला कळत नव्हतं. "पोरीले मुंबईले धाडून राह्यला, येडा झाला का मास्तर," असं सगळं गाव म्हणत होतं, तेव्हा माझी पेटी उचलून स्टँडवर आले होते ते हे अण्णा. त्यांनी डाव्या हाताने माझा पदर धरला आणि अगदी स्पष्ट म्हणाले, "नको जाऊ, बाई."

आता भांडू कोणाशी, प्रेमला? मी त्यांच्यासमोरच रडले. तेही रडले, पण पदर सोडला नाही. संध्याकाळी मी पेटी रिकामी केली. पुढे काही दिसतच नाही मला.

ऑफिसातल्या माझ्या खणात लाल दोऱ्याने बांधलेला कार्डांचा गठ्ठा आहे, तो तू चालव. सगळ्यात वरच्या कार्डावर माझं नाव आहे. तेवढं काढ आणि तुझं लाव, नाहीतर मशीन प्रत्येक उत्तर माझ्याच नावाने छापत बसेल.

सरांना सांग, तारीख नाही.

तुझी, आता इथलीच,
सुलभा